आजीचे छायाचित्र

माझ्या खोलीत पुस्तकांच्या कपाटाशेजारी एक जुने कृष्णधवल छायाचित्र टांगलेले आहे. घरी येणाऱ्या पाहुण्यांचे लक्ष त्याकडे गेले म्हणजे ते थोडा वेळ निरखून पाहतात आणि मग संकोचाने विचारतात, "गुरुजी, हा फोटो जरा बिघडलेला दिसतो. मग काच घालून भिंतीवर का लावलात?"

त्यांचे म्हणणे खोटे नाही. छायाचित्रात एका जुन्या घराचे दार आहे. दाराच्या चौकटीवर ठोकलेली पितळेची फुले इतकी रेखीव उमटली आहेत, की त्यांच्या पाकळ्या मोजून घ्याव्यात. त्या दारात एक वृद्ध स्त्री उभी आहे; परंतु तिचा चेहरा मात्र धुक्यातून दिसावा तसा पुसट आहे. ती माझी आजी. ते छायाचित्र मी काढलेले आहे. आणि आजीचे दुसरे छायाचित्र कोठेही नाही.

ही गोष्ट १९७४ सालची. मी तेव्हा सातवीची परीक्षा दिली होती. आमचे गाव बुलढाणा जिल्ह्यात, मेहकर तालुक्यात, पैनगंगेपासून जवळ. माझे मामा मेहकरला राहत आणि तेथे त्यांचा लहानसा फोटो स्टुडिओ होता. उन्हाळ्याची सुट्टी लागली, की मी मामांकडे जाऊन राहत असे. दुकान झाडणे, गिऱ्हाइकांना पाणी देणे, पाठीमागचा रंगविलेला पडदा सरळ करणे ही कामे माझ्याकडे असत. परंतु माझे सारे लक्ष मामांच्या कॅमेऱ्याकडे असे.

तो याशिका कंपनीचा दोन भिंगांचा कॅमेरा होता. एकाखाली एक अशी ती दोन भिंगे एखाद्या घुबडाच्या डोळ्यांसारखी समोर रोखलेली असत. खालचे भिंग चित्र घेई. वरचे भिंग केवळ आपल्याला पाहता यावे म्हणून असे. वरच्या भिंगातून आलेला प्रकाश आतल्या तिरप्या आरशावर पडून वर वळे आणि कॅमेऱ्याच्या माथ्यावरील दुधी काचेवर समोरचे दृश्य उमटे. कॅमेरा छातीशी धरून, मान खाली घालून त्या काचेत पाहावयाचे. चित्रात डावे-उजवे फिरलेले असे, त्यामुळे माणूस उजवीकडे चालू लागला, की काचेत तो डावीकडे जाई. एका रोलमध्ये बाराच चित्रे निघत. म्हणून मामा एकही चित्र घाईने घेत नसत.

कॅमेऱ्याच्या डाव्या बाजूस एक गोल बटण होते. ते फिरविले, की दोन्ही भिंगे एकदमच थोडी पुढे येत किंवा मागे जात. तेवढ्याने काचेवरचे चित्र कधी अगदी स्पष्ट होई, तर कधी पाण्यात विरघळल्यासारखे होई. ह्यालाच फोकस साधणे म्हणतात. आजचे कॅमेरे हे काम स्वतःच करतात. परंतु त्या कॅमेऱ्याला समोर माणूस आहे की भिंत आहे, हे काही कळत नसे. ते काम पाहणाऱ्याच्या डोळ्याचे आणि बोटांचे होते.

असे का होते, हे मामांनी मला कॅमेऱ्यावाचून शिकविले. दुपारी दुकान बंद असताना त्यांनी एक खिडकी सोडून सर्व दारे-खिडक्या लावून घेतल्या. खिडकीसमोरच्या पांढऱ्या भिंतीजवळ त्यांनी वाचण्याचे एक भिंग धरले आणि ते हळूहळू मागेपुढे सरकविले. एकाएकी भिंतीवर बाहेरचा कडुनिंब उलटा उभा राहिला! त्याची पाने वाऱ्याने हलत होती. मी आश्चर्याने ओरडलोच. मग मामांनी भिंग भिंतीपासून किंचित दूर नेले. कडुनिंब विरघळला आणि खिडकीचे गज स्पष्ट दिसू लागले. दूरच्या वस्तूसाठी भिंग भिंतीजवळ लागते आणि जवळच्या वस्तूसाठी ते थोडे दूर न्यावे लागते, हे मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिले. मुलांनो, हा प्रयोग तुम्हीही करून पाहा. मात्र भिंगातून सूर्याकडे कधीही पाहू नका.

आपल्या डोळ्यातही असेच भिंग असते. ते पुढेमागे सरकत नाही. बारीक स्नायूंच्या साहाय्याने त्याचा फुगीरपणा कमीजास्त होतो. डोळ्यांसमोर वीतभर अंतरावर बोट धरा आणि बोटाकडे पाहा. मागचे झाड धूसर होईल. झाडाकडे पाहा, बोट धूसर होईल. हे इतक्या झटकन घडते, की आपण ते करतो हे आपल्या ध्यानीही येत नाही.

"भिंगाला एका वेळी एकच अंतर नीट दिसते," मामा म्हणाले. "ते कोणते असावे, हे भिंगाला ठाऊक नसते. ते आपण ठरवायचे."

वाक्य मी पाठ केले. त्याचा अर्थ समजायला मात्र पुढे बरेच काही घडावे लागले.

सुट्टी संपत आली तेव्हा मामांनी मला तो कॅमेरा एका दिवसासाठी गावी नेऊ दिला. रोलमध्ये दोन चित्रे उरली होती. "एक तुझ्या मनाचे काढ आणि एक तुझ्या आजीचे," त्यांनी बजावले. मी एस.टी.च्या गाडीत कॅमेरा मांडीवर घेऊन, दोन्ही हातांनी धरून बसलो होतो. गावी पोचताच पहिले चित्र मी आमच्या बैलजोडीवर खर्च केले. राहिले एक.

आजी कधी कॅमेऱ्यासमोर उभी राहिली नव्हती. "माह्या म्हातारीचा कायले फोटू काढतं रे बाप्पा?" असे ती म्हणाली खरी, पण आत जाऊन धुवट लुगडे नेसून आली. आमच्या घराचे दार पश्चिमेकडे होते. सकाळची वेळ असल्यामुळे ओसरीवर सावली होती. मी आजीला दारात, चौकटीला टेकून उभे केले. प्रकाश कमी होता, म्हणून मामांनी सांगितल्याप्रमाणे भिंगाचे छिद्र पूर्ण उघडले. मग मान खाली घालून मी दुधी काचेत पाहू लागलो.

आजीचा सावळा चेहरा सावलीत होता. बटण कितीही फिरविले, तरी तो नेमका कोठे स्पष्ट होतो हे मला उमगेना. चौकटीवरची पितळेची फुले मात्र त्या सावलीतही चमकत होती. बटण जरा फिरविताच त्यांच्या पाकळ्या लख्ख दिसू लागल्या. मला हर्ष झाला. आजी चौकटीला टेकूनच उभी आहे. तेव्हा फुले स्पष्ट म्हणजे आजीही स्पष्ट, असा हिशेब मी केला. त्या क्षणापुरता तो बरोबरही होता.

इतक्यात अंगणातले वासरू हंबरले. चौकटीचा आधार न सोडता आजी पुढे वाकली आणि हसत म्हणाली, "अरे, होऊ दे ना लवकर! वासराले पाणी पाजाचं हाय!"

तिचे ते हसू फार गोड होते. मी काचेत पुन्हा न पाहता झटकन कळ दाबली.

चार दिवसांनी मामांच्या अंधाऱ्या खोलीत, लाल दिव्याच्या उजेडात, मी ताटलीवर वाकून उभा होतो. रसायनात बुडविलेल्या कोऱ्या कागदावर हळूहळू काळसर रेषा उमटू लागल्या. प्रथम चौकट आली. मग फुले आली, एकेक पाकळी घेऊन. आजीच्या लुगड्याचा काठ आला. चेहऱ्याची मी वाट पाहत राहिलो. तो आला तो असा, जणू कोणी ओल्या बोटाने पुसून टाकला आहे.

"काही हरकत नाही," मी मामांना म्हणालो, "दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा काढीन."

त्या वर्षी श्रावणात आजी गेली.

दिवसकार्याच्या वेळी हार घालण्यासाठी कोणीतरी आजीचा फोटो मागितला. मी तो आणून वडिलांच्या हातात दिला. त्यांनी बराच वेळ त्याकडे पाहिले आणि काही न बोलता तो मला परत दिला. ते माझ्यावर रागावले असते, तर मला बरे वाटले असते. हार शेवटी देवघरातल्या तिच्या रिकाम्या पाटाला घातला गेला.

दिवाळीत मी मामांकडे गेलो, तो कॅमेऱ्याला हात लावावयाचा नाही असे ठरवूनच. मामांनी ते ओळखले. त्यांनी ते छायाचित्र माझ्यासमोर ठेवले आणि विचारले, "ह्यात काय बिघडले आहे?"

"आजी धूसर आली आहे."

"ते तर कोणालाही दिसते. धूसर काय आहे ते पाहू नकोस. स्पष्ट काय आहे ते पाहा. म्हणजे तू कोठे पाहत होतास ते कळेल."

मी खाली मान घातली. स्पष्ट होती ती फुले.

मग त्यांनी मला समजावून सांगितले. छायाचित्र दोन कारणांनी धूसर होते. कळ दाबताना हात हलला, तर संपूर्ण चित्रच हलते. प्रत्येक वस्तू एकाच दिशेने फराटा ओढल्यासारखी दिसते. परंतु चित्रातील एखादी वस्तू स्पष्ट असेल आणि हवी ती धूसर असेल, तर हाताचा दोष नाही. फोकस चुकीच्या ठिकाणी पडला आहे. छिद्र पूर्ण उघडे असताना पाच-सहा फुटांवर जेवढा पट्टा स्पष्ट येतो, तो वीतभरही खोल नसतो. आजी हातभर पुढे वाकली आणि त्या पट्ट्याच्या बाहेर आली. छिद्र लहान केले असते, तर तो पट्टा दीड-दोन फुटांचा झाला असता आणि आजी बरीच अधिक स्पष्ट आली असती. पण मग प्रकाश कमी पडला असता. त्या सावलीत मोठ्या छिद्रावाचून गत्यंतर नव्हते. म्हणूनच नजर अधिक जागी ठेवावयास हवी होती.

छिद्राचे आकडे मला नेहमी गोंधळात पाडीत. ३.५ म्हणजे मोठे छिद्र आणि १६ म्हणजे लहान छिद्र, हे उफराटे का? मामांनी पाटीवर गणित मांडले. छिद्राची रुंदी ही भिंगाच्या नाभीय अंतराचा कितवा भाग आहे, हे तो आकडा सांगतो. भाकरीच्या चार वाट्यांपैकी एक वाटा हा सोळा वाट्यांपैकी एकापेक्षा मोठाच असावयाचा! लहान छिद्रातून अधिक स्पष्ट दिसते, हे तर आपण रोज पाहतो. दृष्टी कमी झालेला माणूस लांबचे पाहताना डोळे बारीक करतो, तो ह्याच कारणाने.

त्यानंतर वर्षभर मामांनी मला रोल दिला नाही. रिकामा कॅमेरा दिला. "काचेत पाहा, फोकस साध, कळ दाब. चित्र निघणार नाही, पण सवय होईल." मी दुकानासमोरून जाणाऱ्या माणसांवर, तारेवरच्या चिमण्यांवर, टांग्याच्या चाकावर फोकस साधू लागलो. काचेवर एक छोटे भिंग उघडता येई. त्यातून डोळ्यांच्या पापण्या पाहावयाच्या. बटण फिरवून स्पष्टतेच्या किंचित पुढे जावयाचे, मग किंचित मागे यावयाचे, आणि दोहोंच्या मधोमध थांबावयाचे. माणसाचे छायाचित्र असेल, तर फोकस डोळ्यांवर. आणि कळ दाबण्यापूर्वी पुन्हा एकदा काचेत पाहावयाचे. हे शेवटचे मामांनी सांगावे लागले नाही.

पुढच्या हिवाळ्यात मामा मला लोणारला घेऊन गेले. लोणारचे सरोवर आमच्याच जिल्ह्यात आहे. फार प्राचीन काळी एक उल्का येथील काळ्या पाषाणावर आदळली आणि सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे प्रचंड विवर निर्माण झाले. त्याच्या तळाशी खारट, अल्कधर्मी पाण्याचे हे सरोवर आहे. काठावर उभे राहून मी काचेत पाहिले. मामांनी बटणावरची आडव्या आठासारखी खूण दाखविली. "ही अनंताची खूण. इतक्या दूरच्या वस्तूसाठी बटण येथे आणावे आणि निर्धास्त असावे. दूरचे सारेच एका वेळी स्पष्ट येते. कसोटी लागते ती जवळच्याला पाहताना."

ती कसोटी दैत्यसूदन मंदिरात लागली. लोणार गावातील ते मंदिर बाहेरून अंगभर कोरलेले आहे; आत छतावरही पुराणकथांची शिल्पे आहेत. परंतु आत इतका अंधार होता, की काचेत मला काहीच दिसेना. मामांनी दाराजवळ उन्हात एक आरसा धरला आणि त्याचा कवडसा छतावर टाकला. दगडी आकृती जाग्या झाल्या. कॅमेरा फरशीवर उताणा ठेवून, स्वतः आडवा होऊन, मी त्या कवडशात एका मूर्तीच्या मुकुटाची कड शोधली आणि ती धारदार होईपर्यंत बटण फिरविले. मग श्वास रोखला. पुन्हा एकदा पाहिले. कळ दाबली. ते चित्र स्पष्ट आले. मामांनी ते दुकानात लावले. मला मात्र ते पाहताना दर वेळी दुसऱ्याच एका चित्राची आठवण होई.

पुढे मी शिक्षक झालो, मुख्याध्यापक झालो. शाळेच्या निरोपसमारंभात मुलांचे एकत्र छायाचित्र मीच काढीत असे. तोवर माझ्याजवळ एका भिंगाचा कॅमेरा आला होता. त्यात पाहण्याचे आणि चित्र घेण्याचे भिंग एकच असे. काचेच्या मध्यभागी लहानसे वर्तुळ असे आणि फोकस चुकला, की त्यातली उभी रेघ मधोमध तुटून दोन तुकडे होत. कडे फिरवून ते तुकडे जोडावयाचे. मुलांच्या तीन रांगा असल्या, तर छिद्र लहान करून मी फोकस दुसऱ्या रांगेच्या किंचित पुढे साधीत असे. कारण स्पष्टतेचा पट्टा फोकसच्या पुढे कमी आणि मागे अधिक पसरतो. तरीही छिद्र लहान करून थांबत नसे. मागच्या रांगेत कडेला उभ्या असलेल्या, कोणाच्या फारसे लक्षात न येणाऱ्या मुलाचा चेहरा काचेत नीट ओळखू येतो का, हे पाहूनच कळ दाबीत असे. मुले कंटाळत. "गुरुजी, किती वेळ?" असे ओरडत. त्यांच्यातला एखाददुसरा तरी असा असे, की ज्याच्या घरात त्याचे तेच पहिले छायाचित्र असे. हे मला ठाऊक होते आणि ते का महत्त्वाचे आहे, हेही ठाऊक होते.

आता काळ पालटला आहे. जून २०२० मध्ये लोणारच्या सरोवराचे पाणी एकाएकी गुलाबी झाले, तेव्हा त्याची छायाचित्रे देशभर पोचली. दुरून पाहणाऱ्या भिंगांना रंग दिसला. त्याचे कारण समजण्यासाठी मात्र पाण्याचे नमुने पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत नेऊन जवळून तपासावे लागले. खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे तो रंग आला होता, असे त्या तपासणीत आढळले. मामा असते, तर म्हणाले असते, "सांगितले नव्हते? कसोटी जवळच्याला पाहताना लागते."

आज तुमच्या घरातील मोबाइल स्वतःच चेहरा शोधतो आणि फोकस साधतो. तो फार हुशार आहे. पण कधी त्याला आजोबांच्या चेहऱ्यापेक्षा पुढचा दिवाच महत्त्वाचा वाटतो. अशा वेळी पडद्यावर आजोबांच्या चेहऱ्याला बोट लावावे. मग तो तेथे पाहू लागतो. कशाकडे पाहावयाचे, हे सांगण्याचे काम अजून आपल्याकडेच आहे.

आणि आता त्या भिंतीवरच्या चित्राविषयी. निवृत्त झाल्यावर एका सुट्टीत माझी नात आमच्याकडे आली होती. ती तेव्हा अकरा वर्षांची होती. तिला मी भिंतीवर उलटे झाड दाखविले, तेव्हा तीही माझ्यासारखीच ओरडली. नंतर ते भिंग घेऊन ती घरभर हिंडली. मुंग्या, नाणी, गालिच्याचे धागे पाहत राहिली. शेवटी खुर्चीवर चढून तिने ते आजीच्या छायाचित्रावर धरले.

"आजोबा, हिच्या हातावर हे काय आहे?"

"हात? कोणता हात?"

"हा. चौकटीवरचा."

मी चष्मा लावून जवळ गेलो. पितळेच्या दोन फुलांच्या मध्ये, चौकट धरलेला, आजीचा डावा हात होता. पुढे वाकताना आधारासाठी तो तिने तेथेच ठेवला होता. फुलांच्याच अंतरावर असल्यामुळे तो फुलांइतकाच स्पष्ट आला होता. मनगटावर गोंदलेले तुळशीचे वृंदावन होते. बांगड्या होत्या. बोटांच्या पेरांवरच्या भेगा होत्या. विळा लागून कायमची वाकडी झालेली करंगळी होती. त्याच हाताने मला लहानपणी न्हाऊ घातले होते.

पन्नासएक वर्षे ते छायाचित्र माझ्यासमोर होते. "स्पष्ट काय आहे ते पाहा," असे मामांनी सांगितले होते. आणि मी फुलांपाशीच थांबलो होतो.

नातीने भिंग माझ्या हातात दिले आणि ती खाली उतरली. मी बराच वेळ तेथेच उभा राहिलो.